अवघड इंग्रजी शब्दांशी आपली सोयरीक

इंग्रजीचे व्यवहारापुरते ज्ञान आज महाराष्ट्रात दुर्मीळ राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी शिकलेला विद्यार्थीही इंग्रजी अर्ज वाचतो, वर्तमानपत्राचे मथळे समजून घेतो आणि प्रसंग पडल्यास चार वाक्ये नीट बोलतो. परंतु तोच विद्यार्थी एखाद्या विद्वान ग्रंथकाराचा निबंध, वरिष्ठ न्यायालयाचा निकाल किंवा परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका हाती घेतो, तेव्हा प्रत्येक परिच्छेदात दोनचार अपरिचित शब्द त्याची वाट अडवतात आणि ही भाषा आपणास येते हा त्याचा विश्वास डळमळू लागतो. मग बाजारातून शब्दांच्या जंत्र्या आणल्या जातात, डाव्या रकान्यात शब्द आणि उजव्या रकान्यात अर्थ अशी पाने रात्र रात्र घोकली जातात, आणि परीक्षा आटोपून महिना लोटला की त्यांतील बहुतेक शब्द स्मृतीतून निघून जातात. या कष्टांविषयी मला आदर वाटतो, आणि म्हणूनच ते वाया जाताना पाहून खेद होतो. कारण ज्या शब्दांना हा विद्यार्थी सर्वस्वी परके समजून भितो, त्यांतील फार मोठा भाग त्याच्याच भाषेच्या दूरच्या नात्यातला आहे, आणि ते नाते कोणी उलगडून दाखवले तर पाठांतराचे ओझे निम्म्याने हलके होईल, असे माझे निश्चित मत आहे.

प्रथम हे शब्द इंग्रजीत आले कोठून, ते पाहू. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले आणि पुढे दीर्घकाळ त्या देशाचा दरबार, न्यायासन आणि सरदारवर्ग यांचा कारभार फ्रेंच भाषेतून चालला. शेतकरी व कारागीर मात्र आपली जुनी सॅक्सन बोलीच बोलत राहिले. १३६२ साली पार्लमेंटने कायदा करून न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीतून व्हावेत असे ठरवले, तथापि तोपर्यंत जज्ज, ज्यूरी, कोर्ट, प्लेंटिफ इत्यादी फ्रेंच वंशाचे शब्द इतके रुजले होते की कायद्याची भाषा बदलली तरी शब्द बदलले नाहीत. मराठी वाचकाला या घटनेचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे फारसीचा अंमल सरून शतके लोटली, शिवछत्रपतींच्या आज्ञेने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, आणि तरीही फिर्याद, जामीन, वकील, दस्तऐवज हे शब्द आपल्या कचेऱ्यांत आजही नांदत आहेत.

फ्रेंचांच्या मागोमाग, सोळाव्या शतकातील विद्येच्या पुनरुज्जीवनाबरोबर, लॅटिन आणि ग्रीक शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. पंडितांनी दौतीतून काढलेले शब्द म्हणून अनेकांनी त्यांची निर्भर्त्सना केली. केंब्रिजला ग्रीक भाषेचे अध्यापन करणारे सर जॉन चीक यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अनुवाद करताना परक्या शब्दांना देशी पर्याय योजण्याचा आग्रह धरला. 'सेंच्युरियन' या रोमन अधिकाऱ्याला त्यांनी 'हंड्रेडर' म्हटले, म्हणजे जणू शंभरांचा नायक. परंतु प्रवाह त्यांच्या विरुद्ध होता. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री नावाच्या शिक्षकाने सुमारे २,५०० शब्दांचा एक लहानसा कोश प्रसिद्ध केला, आणि इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा तो पहिला कोश मानला जातो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्या कोशात सर्वांना ठाऊक असलेले साधे शब्द नव्हतेच. केवळ अवघड शब्दांसाठीच तो रचला होता. आज ज्या अडचणीने मराठी विद्यार्थी त्रस्त होतो, त्याच अडचणीने त्या काळचा इंग्रज वाचकही त्रस्त झाला होता, आणि इंग्रजी कोशवाङ्मयाचा जन्म त्या अडचणीतूनच झाला.

पुढे १७५५ साली डॉ. जॉन्सन यांचा सुप्रसिद्ध कोश आला. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत ज्याची कल्पना मांडली गेली, त्या ऑक्सफर्ड कोशाचा पहिला खंडभाग १८८४ साली निघाला आणि संपूर्ण ग्रंथ १९२८ साली पुरा झाला. त्याचे प्रमुख संपादक सर जेम्स मरे हे त्याआधीच, १९१५ साली, निवर्तले होते. चार लाखांहून अधिक शब्दांच्या त्या ग्रंथराशीकडे पाहून कोणाचीही छाती दडपेल. परंतु थोडे निरखून पाहिले म्हणजे या राशीतही तीन थर स्पष्ट दिसतात: तळाशी घरगुती सॅक्सन शब्द, त्यावर दरबारी फ्रेंच शब्द, आणि त्यावर पंडिती लॅटिन व ग्रीक शब्द. 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' ही तीन क्रियापदे एकाच कृतीची वाचक, परंतु पहिले घरातले, दुसरे अधिक औपचारिक आणि तिसरे अधिकाऱ्याच्या चौकशीतले. आपल्या भाषेतही पुसणे, सवाल करणे आणि पृच्छा करणे यांच्यात तद्भव, फारसी वळणाचा आणि तत्सम असे तीन थर नांदतातच. ज्याला आपल्या भाषेतील हे तारतम्य कळते, त्याला इंग्रजीतील तारतम्याची जाणीव सहज करून देता येते.

आता प्रश्न असा, की या अफाट भांडारातील किती शब्द शिकावयाचे? या बाबतीत विसाव्या शतकातील शिक्षणशास्त्रज्ञांनी मोठे उपकार करून ठेवले आहेत. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक बंगालमध्ये, ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. तेथील विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचन जड का जाते याचा विचार करता करता शब्दांची निवड हा त्यांच्या आयुष्याचा विषय झाला, आणि १९५३ साली त्यांनी सुमारे २,००० अत्यंत उपयुक्त शब्दांची प्रमाणभूत यादी प्रसिद्ध केली. भाषेचा स्वभाव असा आहे की थोडे शब्द वारंवार येतात आणि असंख्य शब्द क्वचितच. त्यामुळे वेस्ट यांच्या यादीतील शब्दांनीच सामान्य मजकुराचा सुमारे चारपंचमांश भाग व्यापला जातो. २००० साली न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय ग्रंथांतून ५७० शब्दकुलांची दुसरी यादी तयार केली. 'ॲनालाइज' आणि त्यापासून झालेली सर्व रूपे मिळून एक शब्दकुल, असा हिशेब धरला तर एवढी ५७० कुले विद्वत्तापूर्ण लेखनाचा आणखी सुमारे दशांश भाग उलगडतात. त्यापुढची वाट मात्र लांबची आहे. कोणाच्याही साहाय्यावाचून कादंबरी किंवा वर्तमानपत्र आनंदाने वाचावयाचे तर शंभरांतील अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात, आणि त्यासाठी सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुलांचा परिचय लागतो, असा भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांचा निष्कर्ष आहे.

यावरून व्यवहाराची दिशा स्पष्ट होते. ज्याचा पहिल्या दोन हजार शब्दांचा पाया कच्चा आहे, त्याने दुर्मीळ शब्दांच्या मागे लागणे म्हणजे आपले श्रम अस्थानी खर्च करणे होय. पाया पक्का झाल्यावर विद्वत्तेच्या सर्व शाखांना समाईक असे शब्द घ्यावेत, आणि त्यानंतर आपल्या अभ्यासविषयाच्या वाचनात जे शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात त्यांना अग्रमान द्यावा. हा क्रम पाळला म्हणजे डोंगराएवढे वाटणारे काम मोजता येण्याजोगे होते.

या पुढच्या वाटेवर आपल्याजवळ जे साधन आहे, त्याचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते. १७८६ सालच्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे व्याख्यान देताना सर विल्यम जोन्स यांनी असे प्रतिपादन केले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य इतके गाढ आहे की या तिन्ही भाषा एखाद्या समान मुळापासून निघाल्या असल्या पाहिजेत. या विचारातून तौलनिक भाषाशास्त्राचा विस्तार झाला हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याचा एक साधा, शाळकरी उपयोग आपण फारसा केलेला नाही. इंग्रजीतील अवघड शब्द बहुतांशी लॅटिन व ग्रीक आहेत, मराठीतील विद्वत्तेचे शब्द बहुतांशी संस्कृत आहेत, आणि या दोहोंची घडण एकाच रीतीची आहे: आधी उपसर्ग, मध्ये धातू, शेवटी प्रत्यय. प्रहार, विहार, संहार, परिहार, उपहार हे शब्द एका 'हृ' धातूचे, हे ज्याला शाळेत कळले, त्याला इंग्रजी शब्द फोडण्याची रीत अर्धी अवगत झालेली असते.

उपसर्गांची नुसती यादी पाहावी. 'प्रो' हा आपला प्र, 'पेरि' हा परि, 'इंटर' हा अंतर्, 'अपो' हा अप, 'हायपो' हा उप, 'हायपर' आणि 'सुपर' हे उपरि, 'यू' हा सु, निषेधार्थक 'अ' आणि 'अन्' हे तर जसेच्या तसे आपले अ आणि अन्. वाय अक्षराने लिहिला जाणारा ग्रीक 'डिस' हा आपला दुस् होय. 'डिसऑनेस्ट' या शब्दातला लॅटिन 'डिस' वेगळ्या कुळातला असल्याने त्याच्याशी त्याची गल्लत करू नये. आता हे उपसर्ग धातूंना जोडून पाहू. 'पेरिमीटर' म्हणजे परि आणि मापनवाचक मा, आणि आपल्या गणिताच्या पुस्तकात त्याला परिमिती म्हणतात. 'प्रोजेनी' म्हणजे प्र आणि जन्, अर्थात प्रजा. 'डिस्पेप्सिया' म्हणजे दुस् आणि पच्, वैद्यांच्या भाषेत अग्निमांद्य. 'अनॉनिमस' म्हणजे अन् आणि नाम, आपला अनाम. १८६९ साली शास्त्रज्ञ हक्स्ली यांनी 'अग्नॉस्टिक' हा शब्द घडवला, त्यात अ आणि ज्ञा आहेत, आणि मराठीत त्याला अज्ञेयवादी असे जे म्हणतात ते त्याच दोन बीजांतून उगवलेले आहे. देवांच्या अन्नाचे ग्रीक नाव 'अँब्रोझिया' हे आपल्या अमृताचेच भावंड.

ध्वनींचे काही नियम ध्यानात ठेवले तर ही ओळख अधिक खात्रीची होते. संस्कृतातील शब्दारंभीचा स ग्रीकमध्ये पुष्कळदा ह होतो. सप्तचे 'हेप्टा', समचे 'होमो'. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शास्त्राला 'हर्पेटॉलॉजी' म्हणतात, त्यातही आपल्या सृप् धातूचेच भावंड दडले आहे. हा बदल मराठी माणसाला नवा नाही, कारण सप्ताह आणि फारसीतून आलेला हप्ता हे दोन्ही शब्द तो रोज वापरतो. संस्कृतातील भ हा शब्दारंभी ग्रीक व लॅटिनमध्ये फ च्या रूपाने भेटतो. भ्रातृ आणि 'फ्रॅटर्नल', भृ आणि 'पेरिफेरी'. ज च्या ठिकाणी ग येतो; ज्ञा आणि 'ग्नो', युज् आणि 'जुग'. 'कॉन्जुगल' म्हणजे दांपत्यविषयक, दोघांच्या संयोगाचे. 'सब्जुगेट' म्हणजे पादाक्रांत करणे, मूळ अर्थाने जुवाखाली आणणे. आणि बैलाच्या मानेवरचे ते मराठी जू आणि लॅटिन 'जुगम' हे दोन्ही एकाच वंशाचे. एवढे नियम समजले की वाचताना अनोळखी शब्द समोर आल्यास विद्यार्थी आधी कोशाकडे धावणार नाही. तो शब्द उकलील, तर्क करील, आणि मग कोशात तो तर्क पडताळील. असा पडताळलेला शब्द सहसा विसरत नाही.

येथे सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. ध्वनिसाम्य हे नात्याचे प्रमाण नव्हे. लॅटिन 'डिउस' आणि आपला देव हे सगोत्र आहेत, परंतु 'थिऑलॉजी'तला ग्रीक 'थिऑस' दिसावयास तसाच असूनही त्या गोत्रातला नाही. आणि नाते खरे असले तरी अर्थ एकच असेल असे नाही. 'प्रॉग्नोसिस' हा शब्द घटकांनी आपल्या प्रज्ञेशी जुळतो, परंतु इंग्रजीत तो रोग पुढे कोणते वळण घेईल याविषयीचे वैद्याचे अनुमान या अर्थी रूढ आहे. कधी कधी तर कालगतीने अर्थ उलटतो. 'इग्रीजियस' म्हणजे मूळचा कळपातून उठून दिसणारा, अर्थात श्रेष्ठ. आज तो ढळढळीत आणि निंद्य अशा प्रमादालाच लावतात. उलट, धर्मशास्त्रात साहस हे बलपूर्वक केलेल्या अपराधाचे नाव होते आणि आज आपण साहसाचे कौतुक करतो. व्युत्पत्ती आपणास शब्दाच्या दारापर्यंत पोचवते. तो शब्द आज काय बोलतो, हे त्याच्या चालू वापरावरूनच ठरवावे लागते.

हा वापर कसा शिकावा, याचे उत्तर ए. एस. हॉर्नबी यांनी दिले. जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असता त्यांनी सहकाऱ्यांसह परकीय विद्यार्थ्यांसाठी एक कोश रचला. तो १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध झाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या नावाने जगभर पसरला. आपल्या अनेक घरांतील कपाटात असलेला लर्नर्स डिक्शनरी हा ग्रंथ त्याचाच वंशज. त्याचे वैशिष्ट्य असे की शब्दाचा अर्थ देऊन तो थांबत नाही. कोणत्या क्रियापदामागे कोणती रचना येते आणि कोणता शब्द कोणाच्या सोबतीने बसतो, हे वाक्ये देऊन दाखवतो. शब्दांच्या या साहचर्याला शास्त्रीय प्रतिष्ठा देणारे प्राध्यापक जे. आर. फर्थ हेही, वेस्ट यांच्याप्रमाणे, काही वर्षे आपल्याकडे, लाहोरला अध्यापक होते. मराठीत धुके दाट असते, अंधार गडद असतो, आणि अरण्य घनदाट असते. विशेषणांची अदलाबदल केली तर व्याकरण चुकत नाही, परंतु कानाला खटकते. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस 'हेवी' असतो. 'फेमस' आणि 'नोटोरियस' या दोन्हींचा अर्थ सर्वज्ञात, पण पहिला मान देतो आणि दुसरा बदलौकिक. बारीक अंगाच्या मनुष्याला 'स्लेंडर' म्हटल्यास सडपातळ म्हटल्याप्रमाणे तो सुखावेल, 'स्किनी' म्हटल्यास काटकुळा म्हटल्याप्रमाणे दुखावेल. दोन रकान्यांची जंत्री हे काही सांगत नाही, म्हणून ती अपुरी.

समानार्थी शब्द एकत्र अभ्यासण्याची कल्पना आपणास अपरिचित नाही. डॉ. पीटर मार्क रोजे यांनी १८५२ साली विचारांच्या वर्गवारीनुसार रचलेला 'थिसॉरस' प्रसिद्ध केला, त्याच्या कित्येक शतके आधी अमरसिंहाने स्वर्ग, भूमी, वनौषधी असे वर्ग पाडून अमरकोश रचला होता, आणि आपल्या पाठशाळांतून तो लहान मुलांकडून मुखोद्गत करून घेतला जात असे. एका कल्पनेभोवती शब्द गुंफले की एकाची आठवण दुसऱ्याला ओढून आणते, हे त्या आचार्यांना ठाऊक होते.

स्मरणाच्या बाबतीतही आपली जुनी रीत आणि आधुनिक संशोधन यांचा मेळ बसतो. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की विस्मरण आरंभी अतिशय वेगाने होते आणि मग त्याचा वेग मंदावतो. तसेच एकाच बैठकीत केलेल्या पुष्कळ आवृत्त्यांपेक्षा दिवसांच्या अंतराने विभागलेल्या आवृत्त्या अधिक फलदायी ठरतात. १९७० नंतरच्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी यावरून खणांच्या पेटीची पद्धत सुचवली: आठवलेल्या शब्दाचे कार्ड पुढच्या खणात, म्हणजे अधिक दिवसांनी पाहण्यासाठी, विसरलेल्याचे पहिल्या खणात. वेदपाठशाळेतील संथा आणि आवर्तने, आणि तिन्हीसांजेला घरोघर होणारा परवचा, यांच्यामागे हेच तत्त्व होते. म्हणून परीक्षेच्या आधी एका रात्रीत दोनशे शब्द घोकण्यापेक्षा रोज दहा शब्द घेऊन त्यांची दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजळणी करणे श्रेयस्कर. उजळणी करताना अर्थ झाकून तो आठवण्याचा प्रयत्न करावा, कारण नुसते पुन्हा वाचल्याने ओळखीचा भास होतो, पण वेळेवर शब्द हाती लागत नाही.

या सर्वांसाठी फार मोठी सामग्री लागत नाही. एक वही पुरे. वाचनात आलेला शब्द ज्या वाक्यात आला त्या वाक्यासकट उतरावा, त्याचे उपसर्ग आणि धातू फोडून लिहावेत, संस्कृत वा मराठी सगोत्र सापडल्यास त्याची नोंद करावी, आणि शेवटी आपल्या मनचे एक वाक्य रचावे. मराठी प्रतिशब्दही अवश्य शोधावा. १८४७ साली मेजर कँडी यांनी इंग्रजी-मराठी कोश पुरा केला, तेव्हा प्रत्येक इंग्रजी शब्दासाठी मराठीचे भांडार धुंडाळून त्यांनी जी मेहनत घेतली, ती लहान प्रमाणावर प्रत्येक विद्यार्थ्याने करण्यासारखी आहे, कारण ज्या अर्थच्छटेला आपल्या भाषेत नाव देता येते तीच खऱ्या अर्थाने आकळलेली असते. मात्र वाचनात समजणारा प्रत्येक शब्द लेखनात वापरलाच पाहिजे असे नाही. वाचनासाठी शब्दसंग्रह विशाल असावा. लेखनासाठी जो शब्द नेमका असेल तोच घ्यावा, आणि साध्या शब्दाने काम भागत असेल तर साधाच घ्यावा.

अखेर एक गोष्ट पालकांना आणि शिक्षकांना कळकळीने सांगावीशी वाटते. मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून त्याचे मराठी वाचन तोडणे आणि संस्कृतचा तास निरुपयोगी समजून टाळणे, ही आज अनेक घरांतील रीत झाली आहे. तिच्यामागची चिंता मी समजू शकतो, परंतु तिचा परिणाम उलटा होतो. ज्या मुलाने चांगल्या मराठी गद्याचे वाचन केले आहे, ज्याला उपसर्ग, धातू आणि समास कळतात, ज्याला दोन समानार्थी शब्दांतील तारतम्य जाणवते, तो प्रगत इंग्रजी शब्दांपुढे रिकाम्या हाताने उभा राहत नाही. त्याच्या हातची शिदोरी काढून घेऊन त्याला लांबच्या प्रवासाला धाडणे योग्य नव्हे. म्हणून इंग्रजी शब्दसंग्रह वाढवू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने इंग्रजी ग्रंथाशेजारी एक उत्तम मराठी ग्रंथ ठेवावा, दोन्ही सारख्याच आस्थेने वाचावेत, आणि दोन्हींतील अवघड शब्दांची नोंद एकाच वहीत करावी.